एका आळशी वायूचं चरित्र

प्रत्येक घराण्यात एक तरी माणूस असा असतो, की तो नेमकं काय करतो हे कुणालाच सांगता येत नाही. तो कुणाच्या अध्यात नसतो, मध्यात नसतो. नोकरीचं विचारलं तर 'बघतोय' म्हणतो, लग्नाचं विचारलं तर नुसता हसतो. थोरली मंडळी त्याच्याकडे बघून सुस्कारे टाकतात. आणि मग एके दिवशी घरात कार्य निघतं, ऐन मुहूर्ताला मांडवातली वीज जाते, आचारी रुसतो, विहीण रुसते, आणि हा बिनकामाचा इसम अचानक असा काही चमकतो की निम्मं वऱ्हाड नवरदेवाऐवजी त्याचंच नाव विचारून जातं. मूलद्रव्यांच्या घराण्यात हे स्थान निऑनचं आहे.

आमच्या वेळच्या शास्त्राच्या पुस्तकात या मंडळींना 'निष्क्रिय वायू' म्हणत. हेलियम, निऑन, आरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन आणि रेडॉन. बाकीच्या मूलद्रव्यांना काही ना काही उद्योग असतो. ऑक्सिजन लोखंडाला गंज आणतो, क्लोरीन सोडियमचा हात धरून आपल्या आमटीत उतरतो, हायड्रोजन तर कुणाशीही संसार थाटायला एका पायावर तयार. हे सहा जण मात्र आपापल्या ओट्यावर घडी घालून बसलेले. आरगॉन या नावाचा ग्रीक भाषेतला अर्थच मुळी 'आळशी'. पुढं केव्हातरी पुस्तकं बदलली आणि याच मंडळींना 'राजवायू' म्हणू लागले. काम न करणाऱ्याला निष्क्रिय म्हणायचं की राजा म्हणायचं हे त्याच्या सांपत्तिक स्थितीवर अवलंबून असतं, हे व्यवहारज्ञान रसायनशास्त्राला थोडं उशिराच आलं, एवढंच.

त्यातही निऑन म्हणजे कडकडीत ब्रह्मचारी. १९६२ साली नील बार्टलेट नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं खटपट करून झेनॉनचं लग्न लावून दाखवलं आणि विज्ञानाच्या जगात मोठी खळबळ माजली. निऑनचं मात्र रीतसर म्हणता येईल असं एकही संयुग अजून कुणाला बाटलीत भरता आलेलं नाही. स्थळं येतात आणि जातात.

हा निऑन जन्मला १८९८ साली, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. जन्मला म्हणजे होता तो आधीपासूनच, आपल्या नाकासमोर, किंबहुना नाकातच. पण त्याला ओळखलं ते विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघांनी. रॅम्सेनं त्याआधी १८९४ साली लॉर्ड रॅलेबरोबर हवेतून आरगॉन शोधला होता, १८९५ साली एका खनिजातून हेलियम बाहेर काढला होता. आता पंचाईत अशी झाली की मेंडेलीव्हची पंगत आधीच बसलेली, पानं वाढून झालेली, आणि हे दोन पाहुणे दारात उभे. मग यजमानांनी जे करायचं तेच शास्त्रज्ञांनी केलं. एक नवी ओळ मांडली. पण नवी ओळ मांडली की तिच्यात आणखी पाटही रिकामे दिसू लागतात. त्या पाटांवर बसणारे कोण, याचा शोध सुरू झाला.

हवा अतिथंड करून तिचं पाणी करायचं आणि मग ते हळूहळू उकळत ठेवून कोण आधी उडतं, कोण मागं राहतं ते बघायचं, अशी ही पद्धत. दूध तापवताना आमच्या घरी जेवढं लक्ष द्यायला सांगतात त्याच्या दसपट लक्ष द्यावं लागतं. मे अखेरीस क्रिप्टॉन सापडला, जूनमध्ये निऑन, जुलैत झेनॉन. दीड महिन्यात तीन मूलद्रव्यं! आमच्याकडे दीड महिन्यात नळाची गळती थांबत नाही. इतर दोघांना ओळखायला थोडे कष्ट पडले. निऑनला पडले नाहीत. नळीत वायू भरला, वीज सोडली, आणि सबंध नळी लालभडक पेटून उठली. तो देखावा जन्मात विसरता येणार नाही, अशा अर्थाचं ट्रॅव्हर्सनं पुढं लिहून ठेवलं आहे.

आता नाव ठेवायचं. आपल्याकडे बारशाला आत्या लागते. रॅम्सेच्या घरी आत्याचं काम त्याच्या तेरा वर्षांच्या मुलानं केलं. नवा वायू आहे ना, मग त्याला लॅटिनमधलं 'नोव्हम' म्हणजे 'नवा' असं म्हणा, अशी त्या विलीनं सूचना केली. बापाला कल्पना पसंत पडली, पण बापच तो. दुरुस्ती केल्याशिवाय राहील कसा? त्यानं लॅटिनच्या जागी ग्रीक शब्द घेतला आणि 'निऑन' केलं. अर्थ तोच, नवा. आज सव्वाशे वर्षं उलटली तरी हे नवंपण कायम आहे. आमच्या ओळखीत सत्तरी उलटलेले एक 'बाळ' आहेत, त्यातलाच प्रकार.

या दोघा साहेबांचा आणि आपला एक संबंध आहे, तो फारसा कुणाच्या ध्यानात नसतो. मुंबईच्या जमशेटजी टाटांच्या मनात हिंदुस्थानात विज्ञानाची एक मोठी संस्था काढायचं होतं. ती कुठं काढावी हे सांगायला त्यांनी १९०० साली बोलावलं ते या रॅम्सेलाच. रॅम्से आला, देशभर हिंडला आणि त्यानं बंगलोरच्या बाजूनं कौल दिला. पुढं त्याच संस्थेचा पहिला संचालक म्हणून १९०६ साली नेमणूक झाली ती ट्रॅव्हर्सची. म्हणजे निऑनच्या दोन जन्मदात्यांपैकी एकानं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची जागा सुचवली आणि दुसऱ्यानं तिच्या भिंती उभ्या केल्या. पैसा मुंबईच्या शेटजींचा, सल्ला लंडनच्या साहेबाचा आणि संस्था बंगलोरला. मुंबईकर या नात्यानं मी यावर जास्त बोलत नाही. आपल्या हातची वस्तू दुसरीकडं गेली की 'जाऊ द्या, तिथली हवा चांगली आहे' असं म्हणण्याची आमची जुनी रीत आहे.

इकडं निऑन मात्र बारसं उरकून पुन्हा घरी बसला. त्याचं करायचं काय, हे कुणालाच समजेना. आणि तो मिळायचाही किती? दहा लाख भाग हवेत अठरा भाग. एक लिटर निऑन हवा असेल तर ५५,००० लिटरच्या आसपास हवा गाळावी लागते. इतका खटाटोप करून हाती काय, तर कुणाशीही न बोलणारा, न जळणारा, न जाळणारा, वास नसलेला, चव नसलेला एक वायू. उपवासाच्या पदार्थालासुद्धा याहून जास्त गुण असतात.

नळीत वायू भरून उजेड पाडायची कल्पना तशी जुनी होती. १६७५ साली पॅरिसमध्ये झाँ पिकार नावाचा ज्योतिषशास्त्रज्ञ रात्रीच्या अंधारात पाऱ्याचा बॅरोमीटर हातात घेऊन चालला होता. चालताना पारा हिंदकळला आणि वरच्या रिकाम्या नळीत अंधुक उजेड पडला. दुसरा कुणी असता तर भुताटकी म्हणून बॅरोमीटर टाकून पळाला असता. यानं पुन्हा हलवून बघितलं. शास्त्रज्ञ आणि आपण यांच्यात फरक असतो तो एवढाच. पुढं १८५७ साली गाइस्लर नावाच्या जर्मन काचकारागिरानं नाना आकाराच्या नळ्या करून त्यांत वायू भरले, वीज सोडली आणि रंगीत उजेडाची खेळणी तयार केली. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ती चमकू लागली, पण खेळणी ती खेळणीच.

त्या खेळण्याचा दिवा करायला निघाला अमेरिकेतला डॅनियल मूर. हा आधी एडिसनच्या पदरी नोकरीला होता. नोकरीत असताना फावल्या वेळात तो वायूच्या दिव्याची खटपट करी. एडिसननं एकदा त्याला विचारलं म्हणे, की माझ्या दिव्यात काय वाईट आहे? मूर म्हणाला, तो फार लहान आहे, फार गरम आहे आणि फार लाल आहे. एडिसनच्या दिव्याला एडिसनच्याच कारखान्यात नावं ठेवणारा माणूस तिथं किती दिवस टिकणार? मूरनं आपला वेगळा धंदा मांडला आणि १९०४ साली न्यूअर्कमधल्या एका हार्डवेअरच्या दुकानात लांबलचक नळीचा दिवा लावून दाखवला. त्यात तो नायट्रोजन नाहीतर कार्बन डायऑक्साइड भरी. उजेड छान पडे, पण हे वायू पडले संसारी. आतल्या धातूशी त्यांचं लगेच गूळपीठ जमे, नळीतला वायू कमी कमी होत जाई, आणि मग त्यात सारखी भर घालत राहावं लागे. जावयाला पोसावं तसं.

इथं आमच्या चरित्रनायकाचा भाग्योदय झाला. नळीत असा वायू हवा होता की जो कुणाशी गूळपीठ करणार नाही, कुणाला चिकटणार नाही, नुसता बसून राहील आणि डिवचलं की चमकेल. जन्मभर ज्या दुर्गुणाबद्दल बोलणी खाल्ली, त्या दुर्गुणालाच नोकरी लागली!

ही नोकरी लावून देणारा गृहस्थ म्हणजे फ्रान्सचा जॉर्ज क्लोद. यानं १९०२ साली हवेचं पाणी करायची सुधारलेली रीत काढली आणि त्यावर 'एअर लिक्विड' ही कंपनी उभी राहिली. गिऱ्हाईक होतं ते ऑक्सिजनला. इस्पितळांना हवा, वेल्डिंगवाल्यांना हवा. निऑन आपला उरायचा. नारळाचं दूध काढल्यावर चोथा उरतो तसा. आमच्या सौभाग्यवतींप्रमाणेच क्लोदलाही उरलेलं टाकवत नसे. त्यानं तो नळ्यांत भरला आणि डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात ग्रां पॅलेपाशी १२-१२ मीटर लांबीच्या दोन नळ्या पेटवल्या. लोक मोटारी बघायला आले आणि नळ्या बघत उभे राहिले.

क्लोदचा मनसुबा होता तो घरोघरी हा दिवा लावायचा. पण घरोघरच्या बायकांनी तो एका नजरेत नापास केला असणार. निऑनचा उजेड नारिंगी-लाल. त्यात निळा रंग नाही, हिरवा नाही. असल्या उजेडात भाजी शिळी दिसते, दूध नासल्यासारखं दिसतं आणि पाहुण्यांसमोर येणारी प्रत्येक व्यक्ती नुकतीच भांडून आल्यासारखी दिसते. क्लोदचा एक सहकारी होता जॅक फॉन्सेक. त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की ज्या उजेडात काही दिसत नाही, पण जो स्वतः मैलावरून दिसतो, तो जाहिरातीसाठीच जन्माला आला आहे. १९१२ साली पॅरिसच्या बुलव्हार माँमार्त्रवर पहिली पाटी लागली ती एका केशकर्तनालयावर. हेही बरोबरच झालं. गावात नवं काही आलं की ते आधी न्हाव्याच्या दुकानात कळतं, हा जागतिक नियम असावा. १९१३ साली चिन्झानो या मद्याची पाटी लागली, १९१९ साली पॅरिस ऑपेराच्या दारावर निऑन चढला. न्हावी, दारू आणि नाटक या क्रमानं एखाद्याची प्रगती झाली तर आमच्याकडे त्याला बिघडला म्हणतात. तिकडे त्याला प्रतिष्ठा मिळाली असं समजतात.

खरं म्हणजे वायू आळशी असून भागत नव्हतं. नळीच्या दोन टोकांना वीज आत सोडणारे जे धातूचे तुकडे असतात, ते हळूहळू झिजून काचेवर बसत आणि नळी काळवंडून मरे. क्लोदनं ते तुकडे आकारानं मोठे आणि धातूनं शुद्ध केले. नळी वर्षानुवर्षं टिकू लागली. याचं अमेरिकन पेटंट त्याला जानेवारी १९१५ मध्ये मिळालं आणि पेटंट संपेपर्यंत त्यानं जगभर परवाने विकून चिक्कार पैसा केला. टाइम्स स्क्वेअर पेटला, लास व्हेगास पेटलं. व्हेगासच्या वेशीवर 'स्वागत असो' म्हणणारी जी जगप्रसिद्ध पाटी आहे, ती १९५९ साली बेटी विलिस या बाईंनी काढली आणि तिचे हक्क त्यांनी राखून ठेवले नाहीत. जुगाराच्या त्या गावात फुकट काही देऊन गेलेली ती एकच व्यक्ती असावी.

या पाट्या टिकायच्या म्हणजे किती? लॉस एंजेलिसमध्ये क्लिफ्टन्स नावाचं एक जुनं हॉटेल होतं. २०१२ साली त्याची दुरुस्ती निघाली, एक भिंत फोडली, तर भिंतीमागे १९३५ च्या सुमारास लावलेला निऑनचा दिवा चालूच! मधली सत्तर-एक वर्षं तो कुणालाही उजेड न देता जळत होता, अशी बातमी आली. ही हकिकत मी वडिलांच्या हयातीत ऐकली नाही हे बरं झालं. संडासचा दिवा पाच मिनिटं राहिला तरी ते त्या पाच मिनिटांचा हिशेब पैशात सांगत.

मी पहिला निऑन पाहिला तो दादरला, आमच्या चाळीच्या गॅलरीतून. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर एका केशतेलाची जाहिरात होती. आधी अंधारात एक बाई उमटे, मग तिचे केस लहरत खाली येत, मग तेलाची बाटली, मग सगळं गडप. आत कुठंतरी एक मोटर असे, तिच्यावर चकत्या फिरत आणि त्या पाळीपाळीनं एकेका नळीची वीज जोडत-तोडत. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठी झालेली माणसं असतात हे ऐकून मीही परीक्षेच्या दिवसांत त्या बाईच्या उजेडात पुस्तक धरून बसे. पण बाई पाच सेकंद पेटायची आणि तीन सेकंद विझायची. माझं इतिहासाचं ज्ञान अजूनही पाच सेकंद असतं आणि तीन सेकंद नसतं.

डिसेंबर १९७१ च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआउट झाला. खिडक्यांना काळे कागद लागले आणि गच्चीवरची ती तेलवाली बाई प्रथमच रात्रभर झोपली. वडिलांनी आम्हाला गच्चीवर नेलं आणि दादरच्या आकाशात मृग नक्षत्र दाखवलं. ते तिथं रोज असतं यावर आमचा विश्वास बसेना. पुढं युद्ध संपलं, बाई उगवली आणि मृग मावळला.

पुण्याला निऑनचं एवढं कौतुक कधी झालं नाही. त्याचं कारण उघड आहे. निऑनच्या पाटीला १५,००० व्होल्टपर्यंत दाब लागतो आणि त्यासाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो. पुणेरी पाटीच्या मजकुरातच तो असतो.

त्या केशतेलवाल्या बाईचे केस ज्यांनी वळवले होते, त्यांची माझी ओळख पुढं झाली. लालबागच्या एका गल्लीत त्यांचं छोटंसं वर्कशॉप होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. निऑनची पाटी यंत्रातून पडते अशी माझी समजूत होती, तशी ती बहुतेकांची असते. तिथं जाऊन बघितलं तर यंत्र म्हणजे मास्तर स्वतःच. टेबलावर गॅसच्या ज्योतींची रांग, तिच्यावर काचेची सरळ नळी धरून ते दोन्ही हातांनी ती फिरवत राहत. काच लोण्यासारखी झाली की ज्योतीतून बाहेर काढायची आणि चार-सहा सेकंदांत वळण द्यायचं. वळवताना नळी चिमटून बसू नये म्हणून तिच्या एका टोकाला रबरी नळी लावलेली, तिचं दुसरं टोक मास्तरांच्या तोंडात. अगदी बेतानं फुंकर. जास्त फुंकली की फुगा, कमी फुंकली की सुरकुती. शिवाय अक्षरं काढायची ती उलटी, कारण काम पाठीमागून चालतं आणि दर्शनी बाजू सपाट यायला हवी. त्यामुळे मास्तरांना मराठी डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे सारखीच वाचता येई.

"बाईचे केस कठीण गेले असतील, नाही?" मी विचारलं.

"छे हो, बाईचे केस सोपे," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाईक दुकानाच्या नावाआधी 'श्री' घाला म्हणतं ना, तिथं जीव जातो."

त्यांचं म्हणणं खरं होतं. निऑनची नळी म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाट. मध्ये हात उचलायची सोय नाही. इंग्रजी अक्षरं एकापुढं एक सुटी उभी राहतात, त्यांचं निभतं. आपल्या अक्षराला वर शिरोरेघ, डोक्यावर मात्रा, पोटात गाठ, पायात उकार. तेवढ्या सगळ्या ठिकाणी जाऊन यायचं तर नळी मागून फिरवून आणावी लागते आणि जो भाग दिसायला नको तो काळ्या रंगानं झाकावा लागतो. बोरू न उचलता ओळीच्या ओळी मोडी लिहिणारा जुन्या दप्तरातला एखादा कारकूनच या कामाला लायक. पेशवाई शंभर वर्षं उशिरा बुडाली असती तर निऑनच्या धंद्यात मराठी माणसाला हटवणं कठीण होतं.

नळी वाकवून झाली की पंपानं आतली हवा काढायची, जोराची वीज सोडून ती चांगली भाजून घ्यायची म्हणजे आतला मळ सुटतो, तोही ओढून घ्यायचा, आणि मग अगदी थोडा निऑन सोडायचा. बाहेरच्या हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे बघा, प्रत्येक अक्षरात आधी कुणातरी कारागिराची फुंकर जाते, तिच्यामुळे अक्षराला गोलाई येते, आणि मग ती फुंकर कसोशीनं बाहेर काढतात, कारण आत माणसाचा श्वास राहिला तर रंग बिघडतो. जाहिरातीच्या धंद्याचं याहून अचूक वर्णन मला सुचत नाही.

आणखी एक गोष्ट मास्तरांनी सांगितली. निऑनच्या नावावर खपणारे सगळे रंग निऑनचे नसतात. त्याचा स्वतःचा रंग एकच, तो नारिंगी-लाल. निळी नळी दिसली की आत आरगॉन आणि पाऱ्याची वाफ आहे असं समजावं. बाकीचे रंग काच रंगवून किंवा तिला आतून चकाकणारी पूड फासून आणतात. पण नाव सगळ्यांना निऑनचंच. गाणारा एक आणि टाळ्या घ्यायला सगळी मैफल, असा हा प्रकार.

आपल्या मध्यमवर्गीय घरातही निऑन मुक्कामाला असतो, फक्त आपण त्याला ओळखत नाही. फ्यूज गेल्यावर शेजारचा हुशार मुलगा जो टेस्टर घेऊन येतो, त्याच्या दांड्यात लुकलुकणारा इवलासा दिवा निऑनचा असतो. या ठेंगू दिव्याचा जनकही तोच मूर, एडिसनला तोंडावर सुनावणारा. टेस्टरमधली वीज रोधातून आणि निऑनमधून तुमच्या बोटात शिरते आणि तुमच्या देहातून जमिनीत जाते. ती इतकी क्षुल्लक असते की तुम्हाला पत्ता लागत नाही, पण तेवढ्यावर निऑन चमकतो. माणसालाच तार म्हणून वापरणारं दुसरं हत्यार माझ्या पाहण्यात नाही. आमच्या देव्हाऱ्यात निरांजनासारखा थरथरणारा एक विजेचा दिवा होता, त्यातही हाच. १९६० च्या डिसेंबरात बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत अली जावान आणि मंडळींनी हेलियम आणि निऑन यांच्या मिश्रणातून अखंड चालणारा लेसर काढला. जून १९७४ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका सुपरमार्केटात च्युइंगगमच्या पाकिटावरच्या काळ्या रेघा पहिल्यांदा वाचल्या गेल्या, त्या अशाच लेसरच्या लाल किरणानं. कुणाशी न बोलणारा हा प्राणी वाण्याच्या दुकानात हिशेब सांगू लागला!

त्याला कामाला लावणाऱ्या क्लोदची अखेर मात्र वाईट झाली. त्यानं १९३० साली क्यूबाच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यातल्या उष्णतेवर वीज करून २२ किलोवॅटचे दिवे लावून दाखवले होते. त्या पंपांनाच मिळकतीहून जास्त वीज लागे ही गोष्ट वेगळी. इतका कल्पक माणूस. पण दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सवर जर्मनांचा अंमल आला तेव्हा हा जर्मनांच्या बाजूनं प्रचार करू लागला. युद्ध संपता संपता फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनं त्याला काढून टाकलं आणि १९४५ साली कोर्टानं जन्मठेप दिली. काही वर्षांनी तो सुटला, १९६० साली वारला. साऱ्या पॅरिसच्या रात्री उजळणाऱ्या माणसाला काळोख कशाला म्हणतात ते ओळखता येऊ नये, याचा विनोद करायला जीभ रेटत नाही.

मग एलईडी आला. स्वस्त, हलका, न फुटणारा, कमी वीज खाणारा. त्याला नावं ठेवायला जागा नाही. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमधली शेवटची निऑनची पाटी २०११ साली उतरली. हाँगकाँगच्या रस्त्यांवर डोक्यावर मांडव घातल्यासारख्या निऑनच्या पाट्या असत; धोकादायक ठरवून त्या शेकड्यांनी उतरवल्या आणि त्यांतल्या काही आता तिथल्या एम प्लस या संग्रहालयात आहेत. लास व्हेगासमध्ये तर मेलेल्या पाट्यांचं रीतसर संग्रहालय आहे. आपल्याकडे संग्रहालय झालं नाही. आपल्याकडे भंगारवाला आहे. पाटी त्याच्याकडे गेली, काच फुटली आणि आतला निऑन, कुणाचा निरोप न घेता, होता तिथं, हवेत निघून गेला.

नाव तेवढं मागं राहिलं. हल्ली लग्नाच्या रिसेप्शनला नवरानवरीची नावं गुलाबी उजेडात लिहिलेली असतात. त्याला 'निऑन' म्हणतात. आत प्लॅस्टिकची पट्टी आणि एलईडीचे दाणे. निऑनचा एक अणूसुद्धा नाही. 'श्री' हवा असेल तर कॉम्प्युटरवर बटण दाबलं की निघतो.

मास्तरांनी पंधराएक वर्षांपूर्वी वर्कशॉप बंद केलं. हाताखाली शिकायला कुणी येईना, आणि शिकून जाणार कुठं? त्यांच्या जागेत आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मास्तर ऐंशी ओलांडून गेले, पण बोटं अजून ताठ आहेत. हवेत फिरतात तेव्हा कळतं की काहीतरी वळवताहेत.

मध्यंतरी त्यांना भेटायला गेलो होतो. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर पेपरात एक बातमी आली होती, ती त्यांना सांगावी म्हणून. चिप नावाची जी वस्तू मोबाईलपासून मोटारीपर्यंत सगळ्यात असते, तिच्यावरची बारीक नक्षी एका तऱ्हेच्या लेसरनं उमटवतात, आणि त्या लेसरच्या वायूत बहुतेक सगळा निऑनच असतो. या कामाला लागणाऱ्या शुद्ध निऑनपैकी निम्म्याच्या आसपास मारिउपोल आणि ओडेसा इथल्या दोन कंपन्या पुरवीत. पोलादाच्या कारखान्यांना ऑक्सिजन लागतो, तो काढताना हा उरतो. क्लोदच्या वेळचाच चोथा. युद्धात त्या दोन्ही कंपन्या थांबल्या आणि जगभरच्या चिपवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"म्हणजे मास्तर," मी म्हटलं, "तुमच्या जुन्या जागेत जे मोबाईल दुरुस्तीला येतात ना, त्यांच्या चिपा निऑन भरलेल्या लेसरच्याच उजेडात घडलेल्या असतात. तुमचा निऑन बेकार झालेला नाही. उलट पूर्वीपेक्षा भाव खातोय."

मास्तरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. चेहऱ्यावर समाधान दिसलं. दूरच्या गावी गेलेल्या पुतण्याचं बरं चाललंय असं कळल्यावर दिसावं, तसं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "त्यात नळी असते?"

"असेल काहीतरी. निऑन ठेवायचा म्हणजे काहीतरी लागणारच."

"वाकवायला लागते?"

"नाही. ती सरळच असणार."

"सरळ?" मास्तर म्हणाले. "मग त्यात काय आहे?" आणि त्यांनी सुनेला आत चहाचं सांगितलं.